चार युनिटांची साक्ष

९ ऑगस्ट, शनिवार

आराधनाला आज आयसीयूतून वॉर्डात आणलं. डोळे उघडून पहिलं वाक्य — "पप्पा, भूक लागलीय." मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो आणि पोटभर रडून घेतलं. चार दिवसांपूर्वी हीच पोर हाक मारली तरी ओ देत नव्हती.

दीड महिना ती घागरीने पाणी पीत होती. रात्री तीनदा उठत होती. शाळेचा ड्रेस ढगळ झाला तेव्हा आम्ही नवरा-बायको काय म्हणालो? उंची वाढतेय! शहाणे आहोत दोघे. सत्यशीला तर शिक्षिका, चाळीस मुलांवर नजर असते तिची. स्वतःची एक सुटली. माझं काय, मी स्टोअरकीपर, मला फक्त लोखंड मोजता येतं.

टाइप वन डायबेटिस. शरीरानेच स्वतःच्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारल्या म्हणे. गोळी चालत नाही. रोज चार वेळा सुई, जन्मभर.

डॉक्टर अलफिया मॅडम म्हणाल्या, वही घाला — शुगर किती, इन्सुलिनचे युनिट किती, काय खाल्लं. घातली. आकडे डाव्या पानावर. उजवं पान कोरं राहायला लागलं म्हणून हे लिहितोय. देवा, तुझे उपकार. ती बोलली.

१२ ऑगस्ट, मंगळवार

घरी आलो. बावीस युनिट दिवसाला. पहिली सुई मी दिली. श्वास रोखून धरला होता मीच. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही श्वास घ्या आधी."

२४ ऑगस्ट, रविवार

गावाहून, सोनईहून, आई आली. येताना डिंकाचे लाडू! कळवलं होतं तरी. "पोरीला ताकद नगं का?" लाडू मी कंपनीत नेले. चांदभाईने एकट्याने सहा खाल्ले आणि तुमच्या आईला सलाम सांगा म्हणाला. तो आमच्याकडे टेम्पो चालवतो, बारा वर्षांची ओळख आहे.

आई तीन दिवस राहिली. सुई दिली की उठून दुसऱ्या खोलीत जायची. गावच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी बुधवारचा उपास धरलाय म्हणे आराधनासाठी. ज्यांनी तिला पाळण्यात पाहिलंय त्या सगळ्या. बरं वाटलं ऐकून.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज दवाखान्यात गर्दी नव्हती. मॅडमना विचारलं, हे इन्सुलिन पेशीत असतं कुठे? लागेल तसं बनतं की तयार असतं? त्या हसल्या. म्हणाल्या, आईबाप साखरेचं विचारतात, हे कोणी विचारत नाही. मग कागद उलटा करून चित्र काढलं.

तयार असतं! आधी एक लांब साखळी बनते. तिचा मधला तुकडा कापला जातो, उरतं ते इन्सुलिन. मग सहा-सहा रेणू जस्ताच्या कणाभोवती एकत्र बांधले जातात. हो, जस्त! आमच्याकडे नटबोल्टवर चढवतात तेच. त्याचे घट्ट स्फटिक होतात आणि ते पेशीच्या आत बारीक पिशव्यांत बंद राहतात. एका पेशीत अशा हजारो पिशव्या. सैल ठेवलं तर जागा जास्त लागेल आणि खराबही लवकर होईल, म्हणून घट्ट. काही पिशव्या अगदी पेशीच्या कडेला टेकून असतात. जेवण झालं, रक्तात साखर वाढली, की कडेच्या पिशव्या काही मिनिटांत बाहेर उघडतात आणि स्फटिक रक्तात विरघळतात. मागच्या पिशव्या मग सावकाश पुढे सरकतात.

मी चोवीस वर्षं नागापूरला कंपनीचं स्टोअर सांभाळतोय. रोज लागणारा माल दाराशी, बाकीचा मागच्या रॅकला — हे मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिव्या देऊन शिकवलं. आणि इथे डोळ्यांना न दिसणारी पेशी जन्मतःच ते करते. गंज नाही, उंदीर नाही, ऑडिट नाही. घरी येताना स्कूटरवर मी अख्खा रस्ता स्तुतीच करत होतो. आपल्या आत हे चालतं आणि आपण वरणभात खाऊन ढेकर देतो, झालं.

आणखी एक. तो कापलेला तुकडा टाकून देत नाहीत, त्याच पिशवीत राहतो आणि इन्सुलिनबरोबरच बाहेर पडतो. रक्तात तो किती आहे ते मोजलं की स्वतःचं इन्सुलिन किती निघतंय ते कळतं. आराधनाची ती तपासणी आली आहे. अगदी शून्य नाही. मॅडम म्हणाल्या, "थोड्या पेशी अजून जिवंत आहेत." डाव्या पानावर मी ते मोठ्या अक्षरात लिहिलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

चौदा युनिट. मग बारा. मॅडम दर आठवड्याला कमी करतायत.

आता ती स्वतः टोचून घेते. खोलीचं दार लावते, दोन मिनिटांत बाहेर येते, आकडा सांगते, मी लिहितो. माझी सातची ड्युटी असल्यामुळे बरंच सोपं झालं. बारा वर्षांची आहे आणि मी अजून रक्त काढायला गेलो की तोंड फिरवतो.

५ नोव्हेंबर, बुधवार

चार युनिट. फक्त चार! दोन सकाळी, दोन दुपारच्या जेवणाआधी. कालच्या शुगर ११२, ९८, १२०.

मी मॅडमना विचारलं — म्हणजे बरी होतेय? त्यांनी पेन खाली ठेवलं. "नाही. याला आम्ही हनीमून म्हणतो. बाहेरून इन्सुलिन मिळालं म्हणून उरलेल्या पेशींना उसंत मिळाली. त्यांच्या पिशव्या पुन्हा भरल्यात. काही महिने टिकेल, कदाचित वर्ष. मग संपेल. अँड्र्यूभाऊ, सुई बंद करायची नाही. चारच असली तरी चारच वाचवतायत तिला."

समजलं मला. सगळं समजलं. तरी परत येताना मनात एकच — समजा मॅडमचं चुकत असेल तर? बावीसवरून चार. मग चारावरून शून्य काय लांब आहे?

१६ नोव्हेंबर, रविवार

सोनईच्या चर्चमध्ये कापणीच्या सणाची उपासना. वेदीपुढे बाजरीची कणसं, कांदे, पेरू, अंडी आणि पाय बांधलेली दोन कोंबडी. पाळक प्रभुदास साहेबांच्या उपदेशात मधेच कोंबडं आरवलं आणि सगळं देऊळ हसलं.

मग साक्षीची वेळ, देवाने काय केलं ते ज्याने त्याने उभं राहून सांगायची. मला बोलायचं नव्हतं. आई उठली. "माझा ल्योक सांगल, देवानं आमच्या घरात काय केलं ते." असं म्हणून खाली बसली. सगळ्यांच्या माना माझ्याकडे.

उठलो. सांगायचं होतं एवढंच, की बावीस होते ते चार झाले आणि मी आभारी आहे. सुरुवात तशीच केली. बुधवारचे उपास धरणाऱ्या बायका समोर बसलेल्या. एकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बावीसवरून चार म्हटल्यावर "स्तुती असो" असा आवाज झाला. मला तो आवाज अजून हवा झाला. आणि माझ्या तोंडून गेलं — देवाने माझ्या मुलीला बरं केलं.

टाळ्या. पाळक साहेबांनी आराधनाला पुढे बोलावून डोक्यावर हात ठेवला. ती माझ्याकडे बघत होती.

जेवणाआधी आराधना इन्सुलिनचं पेन घेऊन मागच्या खोलीकडे निघाली. सुरेखाबाई पंगत वाढत होत्या, त्यांनी हटकलं. "बरी झाली ना गं? मग सुई कशाला आता?" आई पटकन म्हणाली, "ते जीवनसत्वाचं हाय." मी तिथेच उभा होतो. पत्रावळीवर मीठ वाढत राहिलो.

सावेडीला घराशी उतरल्यावर सत्यशीला म्हणाली, "मॅडमनी तुम्हाला काय सांगितलं होतं?" मी म्हटलं, सुई कुठे बंद करतोय? बोलण्याने काय बिघडतं? चार युनिट चालूच आहेत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

शुगर १०८, ११५, ११०. उत्तम.

३० नोव्हेंबर, रविवार

११४, ११८, १०९. इतके सरळ आकडे कधी आले नव्हते. आईचा फोन. आसपासच्या गावांतून लोक विचारायला येतात म्हणे, कुठे प्रार्थना केली, कोणी केली. मी म्हटलं, सांग सगळे मिळून केली. बरं वाटलं. लिहायला लाज वाटते पण वाटलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

आराधना बारीक दिसतेय का? सत्यशीला म्हणते दिसतेय. वहीत तर सगळं ठीक आहे. पेनमधलं औषधही हिशेबाने कमी होतंय, मी बघितलं. सर्दी आहे तिला, त्यामुळे असेल.

१२ डिसेंबर, शुक्रवार

काल लिहायला जमलं नाही. काल सकाळी अकराला शाळेतून फोन — उलट्या होतायत, धाप लागलीय. मी मोजणी तशीच टाकून निघालो. स्कूटर चालू होईना. चांदभाई मालाचा टेम्पो घेऊन दाराशी. "बसा वो. माल जाईल मागून, पोरगी पयली." शाळेपासून दवाखान्यापर्यंत ती माझ्या मांडीवर होती. श्वासाला पिकून गेलेल्या फळासारखा वास. तो वास मला ऑगस्टपासून ओळखीचा आहे.

शुगर ४८०.

मॅडमनी मला काही विचारलं नाही. शुगरचं मीटर मागितलं. त्यात जुने आकडे साठतात हे मला माहीतच होतं — पण मी ते कधी उघडून पाहिलं नाही. ३१०. २८५. ३६२. त्याच दिवशीची माझी वही — ११४, ११८, १०९. ती मला तोंडी सांगत होती, मी लिहीत होतो. माझ्या स्टोअरमध्ये कोणी रॅक न बघता नुसतं विचारून स्टॉक लिहिला तर मी त्याला उभा जाळीन.

औषध ती बेसिनमध्ये सोडत होती. रोज बरोबर चार युनिट. सोळा नोव्हेंबरच्या दुसऱ्या दिवसापासून.

मॅडम म्हणाल्या, "सर्दीचं निमित्त झालं. असलेल्या थोड्या पेशी एकट्याच ओढत होत्या इतके दिवस." मी म्हटलं, मुलगी असं कसं करते? त्या मला म्हणाल्या, "ती बारा वर्षांची आहे, भाऊ."

१३ डिसेंबर, शनिवार

शुद्धीवर आहे. सलाईन चालू. पाणी मागितलं. सत्यशीलाचा हात सोडत नाही.

प्रभू, दोनदा परत दिलीस. तिसऱ्यांदा मागायला लावू नको.

१४ डिसेंबर, रविवार

दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये सत्यशीलाने मला सांगितलं. ओरडली नाही. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. "पोरीने बापाचं ऐकलं. बाप देवळात उभा राहून म्हणाला बरी झाली, तिने मानलं. कोणावर विश्वास ठेवायचा तिने? आता जिथे उभे राहिलात तिथेच पुन्हा उभे राहा."

चहा तसाच निवला.

१८ डिसेंबर, गुरुवार

घरी. अठरा युनिट. ती तपासणी पुन्हा केली. तो कापलेला तुकडा अजून सापडतो रक्तात! सप्टेंबरपेक्षा कमी, पण सापडतो. मॅडम म्हणाल्या काही पेशी तग धरून आहेत. एवढी उपासमार सोसून त्या अजून जस्ताभोवती सहा-सहा बांधतायत, पिशव्या भरतायत, कडेला नेऊन ठेवतायत. त्यांना कोण सांगणार की मी काय बोलून बसलो. मी त्यांच्यासाठी प्रार्थना केली. पेशींसाठी केलेली ही माझी पहिलीच.

आता सुई तिने आमच्यासमोर घ्यायची, मीटर मी बघायचं. ती हो म्हणाली. मी रागावलो नाही. कोणत्या तोंडाने रागावू?

२५ डिसेंबर, गुरुवार

नाताळ. सोनईला गेलो नाही, सर्दीचं कारण सांगितलं. करंज्या कमी केल्या. आराधनाने अर्धी करंजी खाल्ली, हिशेब लावला, त्याची दोन युनिट जास्तीची घेतली. अर्ध्या करंजीवर इतकं खूश झालेलं माणूस मी पाहिलं नाही.

चांदभाई पोरांना घेऊन आला. तिच्यासाठी भाजलेले शेंगदाणे आणले. कोणाला तरी विचारून आणले होते, शुगरला चालतं का म्हणून.

२ जानेवारी, शुक्रवार

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "साक्ष मागं घेत्यात का कुटं? लोक काय म्हन्तील? देव काय म्हनल?" मी म्हटलं, देवाला माहीत आहे, लोकांनाच सांगायचंय. तिने फोन ठेवला.

रात्रभर आईचंच बरोबर वाटत होतं. कशाला उकरायचं? सुई घरात चालू आहे, मॅडम आहेत. सोनईला वर्षात चारदा जातो. निभावून नेता येईल. मी भित्रा माणूस आहे. ऑडिटला साहेब आला की आजही मी मागच्या रॅकला जाऊन उभा राहतो.

पण मग सकाळी तिला बघितलं. शाळेची बॅग भरताना इन्सुलिनचं पेन पुस्तकांच्या खाली, कंपासच्या मागे, अगदी तळाशी घालत होती. कोणाला दिसू नये म्हणून.

४ जानेवारी, रविवार

पाळक साहेबांना भेटून आलो. वाटलं चिडतील, त्यांनीच तर डोक्यावर हात ठेवला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "मीही विचारलं नाही तुला, डॉक्टर काय म्हणतात म्हणून. विचारायला हवं होतं." मग म्हणाले, "पुढच्या रविवारी पाच मिनिटं देतो. साक्ष खरी असली पाहिजे, अँड्र्यू. चांगलीच असली पाहिजे असं मी कुठे वाचलेलं नाही."

११ जानेवारी, रविवार

झालं.

लिहून नेलेला कागद उघडलाच नाही. म्हटलं, नोव्हेंबरात मी इथे उभा राहून सांगितलं की माझी मुलगी बरी झाली. ती बरी झालेली नाही. मला डॉक्टरांनी आदल्या आठवड्यात स्पष्ट सांगितलं होतं. मी ते लपवलं आणि मला जे हवं होतं ते बोललो. त्यानंतर तिने इन्सुलिन बंद केलं आणि ती मरता मरता राहिली. ती रोज चार वेळा सुई घेते, जन्मभर घेईल. तुमच्यात कोणाच्या घरी असं लेकरू असेल तर माझं आधीचं बोलणं ऐकून त्याची सुई बंद करू नका. मी देवाचे आभार मानतो इन्सुलिनसाठी, डॉक्टर अलफिया मॅडमसाठी, चांदभाईच्या टेम्पोसाठी. आणि माझ्या मुलीच्या पोटात ज्या थोड्या पेशी अजून काम करतायत त्यांच्यासाठी.

टाळ्या नाहीत. स्तुती असो नाही. मागे कोणाचं तरी बाळ खोकलं. मी बसलो. बाहेर पडताना नेहमी हात मिळवणारे दोघे जण चप्पल शोधत राहिले. कारभारीकाका मात्र आले, ऐंशीचे असतील, खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

दुपारी आईकडे जेवण. मला वाटलं ताट आपटेल. आराधना भाकरीकडे हात नेणार तर आईने ताट मागे ओढलं. "आदी टोच. मंग वाढते." आणि या वेळी दुसऱ्या खोलीत गेली नाही. समोर बसून बघत राहिली. सुई निघाल्यावर म्हणाली, "लई बारीक हाय गं. मला वाटलं हुतं दाभनावानी असल."

आराधना हसली. किती दिवसांनी! आज मला कसलीच तक्रार नाही. शुगर १४२. आकडा मी स्वतः पाहून लिहिलाय.

१३ जानेवारी, मंगळवार

सकाळी शाळेत सोडायला निघालो. चौकात सिग्नलला थांबलो होतो. मागून ती म्हणाली, "पप्पा, मी बरी झाले नव्हते ते मला माहीत होतं."

मी म्हटलं, मग का बंद केलंस?

"तुम्ही सगळ्यांसमोर बोलला होतात. मी टोचत राहिले असते तर तुम्ही खोटे पडला असता."